मण्यावरचा ठिपका इतका गोल कसा?

मे महिन्यात मालवणला, दापोलीला किंवा अलिबागला बचत गटांचं एखादं प्रदर्शन लागतं. कोकम, फणसपोळी, कुळथाचं पीठ अशा टेबलांच्या रांगेत कधीतरी काचेच्या मण्यांचंही एक टेबल असतं. निळ्या मण्यावर पांढरे ठिपके, त्या पांढऱ्यात पुन्हा एकेक लाल ठिपका. मणी हातात घेणारा माणूस हमखास विचारतो, "हे रंगवलेत का?" नाही म्हटलं की लगेच, "मग मशीनचे असणार." दोन्ही प्रश्नांच्या तळाशी शंका एकच असते. दोन-तीन मिलिमीटरचा इतका गोल ठिपका माणसाच्या हातून निघेलच कसा?

शंका रास्त आहे. सावंतवाडीची गंजिफा रंगवणारा कलाकार ब्रशने नीट गोल टिंब काढू शकतो, पण त्यासाठी हात बसायला वर्षं जातात. काचेच्या मण्यावरचा ठिपका मात्र कुणी काढतच नाही. तो काच स्वतः काढते. मणी करणाऱ्याने फक्त तिच्या वाटेत यायचं नाही. आणि हे 'वाटेत न येणं' शिकण्यातच सगळा वेळ जातो.

## आधी मणी होतो कसा

ज्योतीवर काच वितळवून वस्तू घडवण्याच्या या पद्धतीला लॅम्पवर्क म्हणतात. पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत हवा फुंकून ती प्रखर करत. आता गॅसचा बर्नर असतो आणि परवडत असेल तर जोडीला ऑक्सिजन. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानोचं नाव या कामासाठी जुनं आहे. २०२० मध्ये काचेच्या मण्यांची ही कला इटली आणि फ्रान्स या दोन देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात बनारस आणि पुर्दिलपूर इथे ज्योतीवरचे मणी मोठ्या प्रमाणावर होतात. आंध्रातल्या पापानायडूपेटची पद्धत वेगळी आहे. तिथे भट्टीतून काचेची लांब पोकळ नळी ओढतात आणि तिचे बारीक तुकडे करतात.

काचेला ज्योत दाखवणं कोकणात कुणाला नवं नाही. फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवायचे, एकात एक अडकवायचे आणि दाराला तोरण करायचं, हा उद्योग इथल्या कितीतरी घरांत झालेला आहे. बांगडीची काच बारीक असते म्हणून मेणबत्तीलाही वाकते. मणी करायला काच वाकून भागत नाही, ती वाहायला लागते. म्हणून ज्योत मोठी.

कृती थोडक्यात अशी. स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळईवर मातीचा लेप देतात. या लेपात चिनी माती आणि अॅल्युमिना असतं, त्यामुळे काच सळईला कायमची चिकटत नाही. लेप वाळला की एका हातात सळई, दुसऱ्या हातात रंगीत काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत वितळतं आणि सळई फिरवत राहिलं की काच तिच्याभोवती गुंडाळली जाते. हा झाला मूळ मणी. पुढे सळई काढून घेतली की तिच्या जागी भोक उरतं.

ठिपक्यासाठी वेगळी तयारी लागते. कांडीचं टोक वितळवून चिमट्याने ओढलं की एक-दोन मिलिमीटर जाडीची काचेची तार मिळते. या लेखात 'तार' म्हणेन ती हीच. ठिपके तारेच्या टोकाने देतात.

## गोलाई येते कुठून

पावसात अळूच्या पानावर थेंब पडला की तो गोळी होऊन बसतो. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आवळून घेत असतो. ठरावीक पाणी कमीत कमी पृष्ठभागात मावायचं तर गोलासारखा दुसरा आकार नाही. या आवळण्याला पृष्ठताण म्हणतात. वितळलेल्या काचेतही हाच प्रकार चालतो, फक्त जास्त जोरात. तिचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे चौपट असतो. तार ज्योतीत धरली की टोकाशी आपोआप एक गोळी तयार होते ती यामुळेच. कुणी वळवावी लागत नाही.

पण अळूच्या पानाची उपमा इथपर्यंतच चालते. पान पाण्याला जवळ करत नाही, म्हणून थेंब शेवटपर्यंत गोळीच राहतो. काच काचेला लगेच जवळ करते. तापलेल्या मण्यावर तापलेला ठिपका ठेवला आणि दोन्ही तापवत राहिलं की ठिपका पसरतो, बुडतो आणि शेवटी मण्याच्या पातळीला येतो. म्हणजे गोल होणं आणि सपाट होणं ही दोन्ही कामं एकाच ताणाची आहेत. आधी गोलाई येते, मग ठिपका पसरतो. आपल्याला कुठे थांबायचं ते ठरवायचं असतं.

थांबवायचं साधन म्हणजे चिकटपणा. इथे थोडे आकडे देतो, कारण सगळं कोडं त्यांतच सुटतं. मध पाण्यापेक्षा साधारण दहा हजार पट चिकट असतो. खिडकीच्या काचेच्या जातीची काच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्यापेक्षा दहा लाख पट चिकट असते. म्हणजे मधाहूनही शंभर पट घट्ट, तरी वाहणारी. आता एक मिलिमीटरचा वेडावाकडा ठिपका ताणाच्या जोरावर गोल व्हायला किती वेळ घेईल? चिकटपणा गुणिले आकार, भागिले पृष्ठताण, असा ढोबळ हिशेब केला तर हजार अंशांना सुमारे तीन सेकंद. तीच काच सव्वासातशे अंशांच्या आसपास आणली तर साडेतीन-चार तास. साडेपाचशेच्या जवळ आणली तर शंभर वर्षं! मण्यांची काच थोडी लवकर मऊ होते, त्यामुळे तिच्यासाठी हे अंश थोडे खाली सरकवून वाचायचे, पण उतरंड हीच.

पावणेतीनशे अंशांच्या फरकात तीन सेकंदांचे चार तास होतात. मणी करणारा माणूस सगळा खेळ या उतरंडीवर खेळतो. ठिपका वरच्या पायरीवर, मणी खालच्या पायरीवर. ठिपका तीन सेकंदांत गोल होतो आणि त्या तीन सेकंदांत खालचा मणी हलत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. वेळ आकाराच्या पटीत वाढतो, म्हणून लहान ठिपका लवकर गोल होतो आणि मोठा रेंगाळतो. नवशिक्यांना वाटतं की बारीक ठिपके अवघड असतील. गोलाईपुरतं बोलायचं तर ते जास्त सोपे आहेत.

"पण गुरुत्वाकर्षणाने ठिपका ओघळत नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. काचेच्या बाबतीत ताण आणि वजन यांची बरोबरी साधारण साडेतीन मिलिमीटरच्या आकाराला होते. त्याखाली ताणाचं राज्य, त्यावर वजनाचं. दोन मिलिमीटरच्या ठिपक्याला खाली-वर कळतच नाही. बारा मिलिमीटरचा मणी मात्र तापला की नक्की ओघळतो. म्हणून सळई सतत फिरवावी लागते. फिरवणं मण्यासाठी असतं, ठिपक्यासाठी नव्हे.

## मग ठिपका बिघडतो का?

ठिपका बिघडला म्हणजे कुणीतरी ताणाच्या कामात हात घातला. चुका बऱ्याच आहेत, पण बहुतेक सगळ्या तीन-चार जागी होतात.

पहिली जागा म्हणजे मणी फार गरम असणं. मण्यावर अजून लाली आहे आणि तुम्ही ठिपका टेकवलात, तर तार मण्यात रुतते. ओढली की मणीही थोडा ओढला जातो आणि ठिपक्याऐवजी खळगा किंवा थेंबाची शेपटी मिळते. मण्याची लाली पूर्ण जाऊ द्यायची, पृष्ठभाग घट्ट झालाय याची खात्री करायची आणि मगच तार उचलायची. ही थांबण्याची सवय लागत नाही तोवर बाकी काहीही शिकून उपयोग नाही, असं माझं मत आहे. घाई करणाऱ्याचे ठिपके कधीच गोल येत नाहीत.

याच्या उलट टोक म्हणजे मणी फारच गार होणं. पाचशे अंशांच्या खाली गेलेल्या काचेला एकदम ज्योत लागली की बाहेरची काच फुगते, आतली तशीच राहते आणि टक् असा आवाज येऊन मणी तडकतो. म्हणून दर दोन-चार ठिपक्यांनंतर मणी ज्योतीच्या टोकाकडच्या सौम्य भागात अलगद फिरवून घ्यायचा. लाल होईपर्यंत नाही, फक्त ऊब राहील इतका.

दुसरी जागा टेकवण्याची. तारेच्या टोकाची गोळी जेवढी, तेवढा ठिपका. त्यामुळे सगळे ठिपके सारखे हवे असतील तर दर वेळी तेवढीच गोळी होऊ द्यायची. तार जाड-बारीक असेल तर हे जमत नाही, म्हणून एकसारखी तार ओढून ठेवणं ही अर्धी तयारी. टेकवताना तार मण्याच्या पृष्ठभागावर अगदी काटकोनात यायला हवी. तिरकी आली की ठिपका लांबट होतो. मण्याच्या मध्यावर काटकोन सहज साधतो, भोकाच्या जवळ मात्र पृष्ठभाग वळलेला असतो. तिथे तार नाही, सळई कलती करायची. बरेच जण हात वाकडा करतात आणि मग कडेचे ठिपके अंडाकृती का आले म्हणून डोकं खाजवतात.

टेकवल्यावर किंचित दाबायचं. नुसतं स्पर्शून उचललं तर ठिपक्याचा पाया बारीक राहतो, वरचा भाग छत्रीसारखा बाहेर येतो, आणि असा ठिपका पुढे कधीतरी मण्यावरून निखळून पडतो. जास्त दाबलं तर आत हवा अडकू शकते आणि नंतर तिथे बुडबुडा फुटून खड्डा दिसतो.

तिसरी जागा सोडवण्याची, आणि इथेच सर्वाधिक ठिपके वाया जातात. मनुष्यस्वभावच असा की काम झालं की हात मागे घ्यायचा. तार ओढली की तिच्यामागे केसासारखा काचेचा धागा निघतो, तो वळून मण्यावर पडतो आणि पांढऱ्या ठिपक्याशेजारी पांढरी रेघ उमटते. तार ओढून तोडायची नसते, जाळून तोडायची असते. टेकवल्यावर क्षणभर थांबा, म्हणजे ठिपका मण्याला धरतो. मग तार अगदी थोडी वर घ्या, ठिपका आणि तार यांच्यामध्ये बारीक मान तयार होईल. ती मान ज्योतीच्या कडेला न्या. ती वितळून आपोआप सुटते. ठिपक्यावर एखादा कोंब उरला तर घाबरायचं कारण नाही. सगळ्या मण्याला न तापवता फक्त त्या कोंबाला क्षणभर ज्योत दाखवा, तो आत ओढला जातो. तीन सेकंदांचा हिशेब आठवा. कोंब बारीक आहे, त्याला तेवढेही लागत नाहीत.

## उठावदार ठेवायचा की बुडवायचा

दोन्ही चालतं. फक्त आधी ठरवायला हवं.

उठावदार ठिपका म्हणजे मण्यावर बसलेली अर्धी गोळी. तो कोंब आत घेतल्यावर तसाच सोडायचा, मात्र त्याची बुडाची कड मण्याला नीट चिकटलेली पाहायची. पोरांच्या दृष्टमण्यावर काळ्यावर पांढरे असे फुगीर ठिपके पुष्कळांनी पाहिले असतील.

बुडवायचा असेल तर संपूर्ण मणी सावकाश तापवत, एकाच गतीने फिरवत न्यायचा. ठिपका खाली बसताना पसरतो, आणि इथे रंगाचा स्वभाव कळतो. सगळ्या रंगांची काच सारखी मऊ नसते. अपारदर्शक पांढरी बहुधा लवकर पसरते, त्यामुळे पांढरे ठिपके अपेक्षेपेक्षा मोठे निघतात. काही गडद आणि पारदर्शक रंग घट्ट राहतात. पांढऱ्या मण्यावर निळे ठिपके आणि निळ्या मण्यावर पांढरे ठिपके, तारेची जाडी तीच ठेवली तरी, एकसारखे येत नाहीत.

फिरवण्याची गती मध्येच बदलली किंवा मणी एका बाजूने जास्त तापला तर मऊ काच घसरते आणि ठिपके एकीकडे ओढले जातात. तेव्हाही ठिपके गोल असतात. खालची जमीन सरकलेली असते.

## जागा कशी मोजायची

बारा मिलिमीटर व्यासाच्या मण्याचा मधला घेर साधारण ३८ मिलिमीटर. त्यावर तीन मिलिमीटरचे आठ ठिपके बसवले तर ठिपक्यांनी २४ मिलिमीटर व्यापले, उरलेल्या १४ मध्ये आठ फटी, म्हणजे दोन ठिपक्यांत पावणेदोन मिलिमीटरचं अंतर. बघायला ऐसपैस वाटतं. पण बुडवताना प्रत्येक ठिपका पसरून चार मिलिमीटरचा झाला की फट एक मिलिमीटरच्याही आत येते. पावणेपाचपर्यंत गेला की ठिपके एकमेकांना भिडतात. आणि भिडले की गोलाई संपली. दोन ठिपक्यांच्या मध्ये सरळ भिंत तयार होते, कारण दोन्हीकडून सारखाच रेटा असतो. एका ठिपक्याला सहा बाजूंनी ठिपके भिडले तर मधला षट्कोनी होतो. काही जण मुद्दाम तसं करतात आणि ते सुंदरही दिसतं, पण ठरवून केलेलं असेल तर.

जळत्या मण्यावर खुणा करता येत नाहीत, तेव्हा नजरेने मोजायचं तर अर्ध्या-अर्ध्याने जायचं. पहिला ठिपका कुठेही. दुसरा बरोबर त्याच्या पाठीमागे. तिसरा या दोघांच्या मध्ये, चौथा तिसऱ्याच्या पाठीमागे. मग चार फटींत चार. एका बाजूने सुरुवात करून ओळीने आठ ठिपके देत गेलात तर शेवटच्याला जागा उरत नाही किंवा दोघांची उरते. दुसरी रांग द्यायची असेल तर पहिल्या रांगेतल्या फटींसमोर. तीन किंवा पाच ठिपके खरंतर आठांपेक्षा अवघड, कारण तिथे 'बरोबर समोर' असं काही नसतं. सवयीनेच जमतात.

## ठिपक्यावर ठिपका

लेखाच्या सुरुवातीला जो पांढऱ्यातला लाल ठिपका होता, तो पांढऱ्यावर दिलेला दुसरा ठिपका. पहिला ठिपका पूर्ण घट्ट झाल्यावर त्याच्या नेमक्या माथ्यावर लहान गोळी टेकवायची. माथा चुकला तर डोळा तिरळा होतो. असे डोळ्याचे मणी फार जुने आहेत. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ते अडीच हजार वर्षांपूर्वीही होत होते, आणि चीनमध्ये इसवीसनपूर्व पाचव्या ते तिसऱ्या शतकांत त्यांना मोठी मागणी होती. वाईट नजर परतवायला डोळाच हवा ही समजूत कुठून कुठे गेली कुणास ठाऊक, पण गोल ठिपका काचेला आपोआप जमतो, ही गोष्ट तिच्या पथ्यावर पडली एवढं नक्की.

पारदर्शक रंगाचा ठिपका गडद मण्यावर थेट दिला तर तो दिसतच नाही. आधी पांढरा, त्यावर पारदर्शक निळा किंवा हिरवा, असं केलं की रंग उजळून येतो. सर्वात वर बिनरंगी काचेचा फुगीर ठिपका ठेवला तर तो भिंगाचं काम करतो, खालचा रंग मोठा आणि खोल दिसतो. या थरांच्या खेळात एका रंगाभोवती बारीक वर्तुळही मिळतं. किती रुंद, ते वरच्या आणि खालच्या ठिपक्याच्या आकारमानातल्या फरकावर ठरतं.

एक सावधगिरी. फिरोजी आणि हस्तिदंती रंग शेजारी आले की त्यांच्या सीमेवर काळपट रेघ उमटते. पहिल्यातलं तांबं आणि दुसऱ्यातलं गंधक यांची ती देवाणघेवाण आहे. धूर बसला किंवा मळ राहिला असं समजून कांड्या घासत बसू नका. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला तरी फिरोजीवर विटकरी झाक येते, कारण तेच तांबं.

## "काच ती काच, बाटली चालणार नाही का?"

बाटलीचा मणी बाटलीच्याच काचेचा असेल तर चालतो. पण बाटलीच्या मण्यावर विकतच्या रंगीत कांडीचा ठिपका दिला तर बहुधा तडकतो, आणि तोही लगेच नाही. कधी दुसऱ्या दिवशी, कधी महिन्याने.

तापल्यावर प्रत्येक काच किती फुगते याला एक अंक असतो, त्याला प्रसरणांक म्हणतात. मण्यांसाठी मिळणाऱ्या मुरानोच्या मऊ कांड्यांचा अंक १०४, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा ३३. बाटल्या आणि खिडक्या साधारण नव्वदीच्या आसपास. १०४ आणि ९० मध्ये फार अंतर वाटत नाही. पण पाचशे अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना दहा मिलिमीटर काचेत यामुळे सात मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. काच ताणली जाऊ शकत नाही, तिला एवढाही फरक सोसत नाही. ठिपका मण्यापेक्षा जास्त आकसू पाहतो, मणी त्याला आकसू देत नाही, आणि ठिपक्याच्या कडेने तडा जातो.

बांगड्यांचंही तेच. कासाराकडच्या बांगडीचा अंक कुणी सांगत नाही, म्हणून बांगडीच्या काचेचा मणी केला तर ठिपकेही त्याच बांगड्यांच्या काचेचे द्यावेत.

सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, मग आपली काच आपणच का करू नये, असंही विचारलं जातं. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. सोडा घातला की ते खाली येतं, चुनखडी घातली की काच पाण्यात टिकते, तरीही कारखान्याच्या भट्टीत १५०० अंशांच्या आसपास जावं लागतं. पडवीतलं काम नव्हे ते.

## पडवीतलं काम, कोकणातली हवा

पडवीत बर्नर मांडायचा मोह होतो. उजेड चांगला, गॅस साचत नाही. पण किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटतो आणि ज्योत नाचायला लागते. बारीक मान जाळून ठिपका सोडवायचा तर ज्योत जागच्या जागी हवी. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, जमिनीवरचा आणि समुद्रावरचा वारा बदलताना, काही वेळ वारा पडतो. ती वेळ चांगली. घरात काम करायचं तर हवा बाहेर खेचणारा पंखा हवाच, मात्र ज्योतीवर वारा टाकणारा नको. घरगुती लाल सिलिंडर विक्रीच्या धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात सळईवरचा लेप वाळता वाळत नाही. वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. त्यावर तापलेली काच आली की ओलीची वाफ होते, लेप सुटतो आणि मणी सळईवर गरगरायला लागतो. अशा मण्यावर ठिपका नेमक्या जागी बसणं अशक्य. लेप दिलेली सळई वापरण्यापूर्वी ज्योतीच्या कडेला सावकाश तापवून घ्यावी. काचेच्या कांड्यांवरही दमट हवेत पांढरट थर येतो, त्या पुसून कोरड्या करून मगच ज्योतीत न्याव्यात. दुसरी गोष्ट चष्म्याची. काचेतला सोडियम ज्योतीत पिवळा भडक उजेड देतो आणि त्यात ठिपका दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा तेवढाच पिवळा गाळतो. तो नसेल तर तुम्ही अंदाजाने ठिपके देताय असंच समजा.

विजेचा प्रश्न यापेक्षा मोठा. तयार मणी तसाच निवू दिला तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला नंतर, आणि काचेत ताण अडकून राहतो. म्हणून मणी ५०० ते ५२० अंशांच्या भट्टीत काही काळ ठेवून मग हळूहळू निववतात. याला अॅनीलिंग म्हणतात. उठावदार ठिपक्यांच्या मण्याला याची जास्त गरज, कारण जाडी जागोजागी वेगळी असते. वादळवाऱ्यात वीज गेली आणि भट्टी मध्येच थंड झाली तर काय? न तडकलेले मणी बाजूला ठेवायचे आणि वीज आल्यावर खोलीच्या तापमानापासून हळूहळू तापवत पुन्हा पूर्ण अॅनीलिंग करायचं. चालतं ते. गरम मणी राखेत किंवा तत्सम न जळणाऱ्या भुकटीत पुरून ठेवणं हे मात्र फक्त सावकाश थंड करणं आहे, अॅनीलिंग नव्हे. विकणाऱ्याने 'राखेत निववलेत' असं अभिमानाने सांगितलं तर तो मणी मी घेणार नाही.

## रंगवलेला, साच्यातला आणि हातचा

आता प्रदर्शनातल्या टेबलाकडे. रंगवलेला ठिपका नखाला कडेने लागतो आणि कालांतराने खरवडला जातो. वितळवून बुडवलेला ठिपका नखाला लागतच नाही, आणि पारदर्शक मणी उजेडाकडे धरून बाजूने पाहिला तर त्या ठिपक्याला काचेत शिरलेली खोली दिसते. उठावदार असेल तर नखाला लागतो, पण मण्याशी त्याचा सांधा वितळलेला, गुळगुळीत असतो.

साच्यात दाबून केलेल्या मण्यावर बहुधा कुठेतरी जोडाची बारीक रेघ सापडते. हातच्या मण्याच्या भोकाशी काच आत वळलेली असते, आणि भोकात कधी पांढरी भुकटी उरलेली दिसते. तो सळईवरचा लेप. बारीक ब्रशने पाण्याखाली घासून काढायचा. कोरडा खरवडू नये, ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

कानातल्याच्या जोडीतले दोन मणी शेजारी धरून पाहा. दोन्हींवरचे ठिपके गोल असतील, त्यात नवल नाही. पण प्रत्येक ठिपका त्याच आकाराचा आणि केसभरही न चुकता त्याच जागी असेल, तर विकणाऱ्याला आणखी एखादा प्रश्न विचारायला हरकत नाही.